ठिकाण क्रमांक चार

२८ सप्टेंबर, सकाळी ६.१०
आजपासून शेतकरी. वही नवी, पेन नवं, बूट नवे. बूट अर्धा नंबर मोठे आहेत, पण शेतात पाऊल पसरतं म्हणतात.

पुढेमागे स्वतःलाच वाचायची वेळ आली तर संदर्भ हवा, म्हणून थोडक्यात लिहितो. एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे तपासले. खोटा काटा मी दारातूनच ओळखतो. रिटायर होऊन चार महिने झाले. वडिलांची सहा एकर काळी जमीन आहे, तीन एकर दादाच्या नावावर, तीन माझ्या. मी नोकरीत असेपर्यंत सहाही एकर दादा आणि वहिनींनीच केली. दादाचे गुडघे गेल्यापासून एकट्या वहिनी करतात. माझ्या वाट्याची ज्वारी दर वर्षी न चुकता पोत्यांत भरून पाठवायच्या.

या वर्षी जाहीर केलं, की माझे तीन एकर मी स्वतः करणार. शास्त्रीय पद्धतीने. दादा हसला नाही. नुसता खोकला.

बाबा म्हणायचे, धाकट्याच्या हाताला माती लागत नाही. कौतुकाने नाही, पाहुण्यांसमोर म्हणायचे. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आता अठ्ठावन्न. अजून ते वाक्य कुठेतरी टोचतं. या हंगामात खोडून काढायचं म्हणजे काढायचं.

३० सप्टेंबर
वहिनींशी लेखी करार. मसुदा माझाच. दोन्ही तुकड्यांची ज्वारी माझ्या काट्यावर तोलायची. ज्याचं वजन जास्त, त्याच्या पद्धतीने पुढच्या वर्षापासून सहाही एकर. हरणाऱ्याने सांगितलेलं काम करायचं, तोंड उघडायचं नाही.

वहिनींनी न वाचता सही केली. मी म्हणालो, वाचा तरी. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुमचं अक्षर चांगलं आहे, वाचायला कशाला हवं?

बायको म्हणाली, की जमीन हातची घालवू नका म्हणजे झालं. तिला सांगितलं, जमीन नावावर राहणारच आहे, प्रश्न फक्त कारभाराचा आहे. ती म्हणाली, तेच म्हणते मी.

१ ऑक्टोबर
अभ्यास. इथे थंडीतली ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवरच येते. पाऊस संपत आलेला, कालवा नाही, विहिरीत पाणी जेमतेम पिण्यापुरतं. म्हणजे सगळा खेळ ओलीचा. जो ओल टिकवेल तो जिंकेल. आणि टिकवायची म्हणजे आधी मोजायला हवी. मोजायला मी आहेच.

ओलावा मीटर आला! हातभर लांब सुई, वर डायल. लाल म्हणजे कोरडं, पिवळा म्हणजे बरं, हिरवा म्हणजे उत्तम. वहिनी शेतात जाऊन टाचेने ढेकूळ दाबतात आणि ओल आहे म्हणतात. एकविसाव्या शतकात टाच!

३ ऑक्टोबर
पेरणी. ट्रॅक्टरवाला तीन वेळा म्हणाला, की साहेब, उताराला आडवं पेरतात. मी म्हणालो, रानातल्या शेडच्या दारातून ओळी सरळ दिसल्या पाहिजेत. उतार शेडच्या दारातूनच सुरू होतो, त्याला मी काय करणार. ओळी सुरेख आल्यात, वरून खालपर्यंत, अगदी रूळ टाकल्यासारख्या.

बी दुप्पट टाकलं. दुप्पट बी, दुप्पट पीक. इतकं साधं गणित लोकांना का सुचत नाही कळत नाही.

९ ऑक्टोबर
दुपारी जोरात सर आली. वीस मिनिटं. शेवटचाच पाऊस असावा.

पाणी माझ्या सरळ ओळींमधून विनाअडथळा गेलं. एक थेंब कुठे तुंबला नाही. निचरा फर्स्ट क्लास. खाली वहिनींच्या आडव्या सऱ्यांत मात्र सगळं साचून राहिलं. बिचाऱ्यांच्या शेतात दोन दिवस पाय ठेवता येणार नाही. सांत्वन करायला गेलो तर त्या बांधावर उभ्या राहून हसत होत्या. म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडू, भाऊजी. शेतकरी माणूस संकटातही हसतो, हे मानलं पाहिजे.

१४ ऑक्टोबर
उगवण जबरदस्त. माझं शेत हिरवंगार गालिच्यासारखं, वहिनींचं टक्कल पडल्यासारखं. फोटो काढून दोन्ही मुलींना पाठवले. थोरलीने अंगठा पाठवला. धाकटीने विचारलं, गवत का लावलंय?

१५ ऑक्टोबर
दहा ठिकाणं निश्चित केली. दहा खुंट्या रोवून त्यांवर नंबर रंगवले, १ ते १०. रोज दहाही ठिकाणी सुई घालायची, रजिस्टरला नोंद करायची. आज दहाही हिरवे. वहिनींना रजिस्टर दाखवलं. म्हणाल्या, छान समास सोडलाय.

२१ ऑक्टोबर
वहिनी म्हणाल्या, विरळणी करा. म्हणजे दाट आलेली रोपं उपटायची आणि वीतभर अंतराने एकेक ठेवायचं. नाहीतर सगळी मिळून ओल पिऊन टाकतील, म्हणाल्या, एका पेल्यात दहा जणांनी तोंड घातल्यासारखं होईल.

जोमाने वर आलेल्या जिवाला उपटायचं? माझ्याच्याने होणार नाही. स्पर्धेने गुणवत्ता वाढते. खात्यात हेच पाहिलंय.

२७ ऑक्टोबर
आच्छादन! म्हणजे ओळींमध्ये भुसा पसरायचा, म्हणजे ऊन थेट मातीला लागत नाही. हे पुस्तकातच आहे. एक ट्रॉली भुसा आणला. दोन दिवस मी आणि बायको पसरतोय. तिची पाठ धरली. वहिनी बांधावरून म्हणाल्या, की भुसा हलका असतो, पाणी शिंपडा नाहीतर वर मातीची ढेकळं ठेवा. त्यांना नम्रपणे सांगितलं, की पुस्तकात ढेकळांचा उल्लेख नाही.

२९ ऑक्टोबर
वारा.

३० ऑक्टोबर
भुसा वहिनींच्या सऱ्यांत जाऊन बसला. सगळा. आडव्या सऱ्यांना अडकला ना. त्यांनी सकाळीच त्यावर ढेकळं ठेवून टाकली. परत मागणं बरं दिसत नाही, घरातली माणसं आहेत. शिवाय एवढ्याने काय फरक पडतो? ओल मीटरवर कळते, भुशावर नाही.

बायको पाठ शेकत म्हणाली, की आपण दोन दिवस राबलो आणि घर दुसऱ्याचं शाकारलं. थोडी उदास वाटली. संध्याकाळी तिला रजिस्टर वाचून दाखवलं. झोप लागली तिला.

६ नोव्हेंबर
वहिनींची कोळपणी चालू. ओळींमधून पातं ओढत वरची चार बोटं माती भुसभुशीत करायची. म्हणाल्या, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. भेगा बुजतात आणि खालची ओल खाली राहते. त्यांचं कोळपं मला द्यायला तयार होत्या.

मी विचारलं, चहाच्या भांड्यावरचं झाकण काढलं तर चहा गरम राहतो का? त्या म्हणाल्या, भाऊजी, भुसभुशीत माती हेच तर झाकण. गुळगुळीत उत्तर. पण शास्त्र वेगळं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी जमिनीला बोटही लावणार नाही.

शिवाय कोळपं खूप जड आहे.

१३ नोव्हेंबर, दुपारी १.३०
ठिकाण १, २, ३ आणि ७ इथे सुई आत जात नाही. जमीन घट्ट झालीये. याचा अर्थ ओल आत गच्च धरून ठेवलीये. उत्तम लक्षण. पण रीडिंग मिळत नसल्याने ही ठिकाणं रजिस्टरमधून कमी केली.

१८ नोव्हेंबर
५, ६, ८, ९, १० हीदेखील कमी केली. ८ ला सुई वाकता वाकता वाचली. ती ठिकाणं मुळातच प्रातिनिधिक नव्हती, हे आता लक्षात येतंय. खुंट्या रोवताना घाई झाली होती.

ठिकाण ४ मात्र आदर्श. बांधावरच्या झाडाजवळच आहे, सावली आहे, बसायला दगड आहे. आता दिनक्रम पक्का: एक वाजता डबा, मग तिथेच तांब्याभर पाण्याने हात धुवायचे, चूळ भरायची, तांब्यातलं उरलेलं ओतून द्यायचं, आणि दीड वाजता रीडिंग. सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. हिरवा!

२५ नोव्हेंबर
हिरवा.

२६ नोव्हेंबर
हिरवा.

२ डिसेंबर
हिरवा. सलग पंधरा दिवस. वहिनी म्हणाल्या, तुमच्या ज्वारीची पानं दुपारी गुंडाळतात. मी रजिस्टर उघडून दाखवलं. पानांवर विश्वास ठेवायचा की यंत्रावर? पानं काय, थंडीनेसुद्धा गुंडाळतात. मी स्वतः गुंडाळतो.

५ डिसेंबर
जमिनीला भेगा. लोक भेगांना घाबरतात. माझ्या मते जमीन श्वास घेतेय. व्हेंटिलेशन.

खोली मोजावी म्हणून फुटपट्टी घातली. हातातून सुटली. बारा इंच पूर्ण आत गेली, दिसत नाही. मोजणी झाली असं धरायला हरकत नाही. खोली: बारा इंचांहून जास्त.

८ डिसेंबर
चष्म्याची केस भेगेत. चष्मा नाकावर होता, नशीब.

९ डिसेंबर
दादा काठी टेकत रान बघायला आला. बांधावर बराच वेळ उभा. माझं शेत कमरेएवढं, पिवळट. वहिनींचं डोक्याएवढं, काळंभोर. मला म्हणाला, बाबा असते तर. आणि काठी टेकत घराकडे वळला. बाबा असते तर त्यांना ठिकाण क्रमांक चारला घेऊन गेलो असतो.

उंची म्हणजे सगळं नव्हे. मीही बुटकाच आहे.

१६ डिसेंबर
कणसं दिसू लागली. वहिनींकडे सगळीकडे. माझ्याकडे अधूनमधून. पण ठिकाण ४ चं ताट, म्हणजे ज्वारीचं झाड, बघण्यासारखं! वहिनींच्या सगळ्यात उंच ताटापेक्षाही हातभर उंच, मनगटाएवढं जाड. हे आपल्या पद्धतीचं खरं रूप. बाकीची ताटं मागाहून येतील. सगळे एकाच दिवशी प्रमोट होत नाहीत.

२२ डिसेंबर
पाखरं नकोत म्हणून ठिकाण ४ च्या कणसाला स्वतःचा रुमाल बांधला. बायको म्हणाली, त्या झाडावर तुमचा जीव दिसतो. म्हणालो, जीव नाही, डेटा आहे.

३० डिसेंबर
एक मोठा निर्णय. पद्धत लोकांपर्यंत गेली पाहिजे. १० जानेवारीला शेतपाहणी कार्यक्रम. कृषी अधिकाऱ्यांना बोलावलं. ते कोणत्याही वाक्याला बरोबर म्हणतात, म्हणून गाव त्यांना बरोबरसाहेब म्हणतं. मी दहा मिनिटं बोललो, ते सतरा वेळा बरोबर म्हणाले. अशी दाद खात्यात कधी मिळाली नव्हती.

भाषणाचा मुद्दा: जमिनीला हात लावू नका. ओल मोजा.

९ जानेवारी
उद्याची तयारी. वीस कप आणले. बूट पुसले. भाषण बायकोला म्हणून दाखवलं. ती विचारत होती, की बाकीच्या नऊ खुंट्यांचं काय सांगणार? म्हणालो, कोण विचारतंय.

१० जानेवारी, रात्री ८
पाच जण आले. बरोबरसाहेब, ट्रॅक्टरवाला, दादा, वहिनी, आणि रस्ता चुकलेला एक विमा एजंट.

सगळ्यांना आधी ठिकाण ४ ला नेलं. रुमाल सोडला. कणीस पाहून एजंटने टाळी वाजवली. सुई घातली, लोण्यात गेल्यासारखी गेली. हिरवा! बरोबरसाहेब म्हणाले, बरोबर. मी पाच मिनिटं बोललो. आयुष्यातली उत्तम पाच मिनिटं.

मग ते म्हणाले, बरोबर, आता चार पावलं पुढे घालून बघू.

सुई गेली नाही. मी जोर लावला. बरोबरसाहेबांनी लावला. ट्रॅक्टरवाल्याने लावला, आणि सुई वाकली. दगडावर ठोकून सरळ केली आणि वहिनींच्या शेतात नेली. तिथे भुशाखाली, माझ्याच भुशाखाली, ती अर्ध्यापर्यंत सहज गेली. पिवळा, हिरव्याला टेकलेला.

मग बरोबरसाहेबांनी विचारलं, की त्या एका जागी पाणी कुठून येतं? मी म्हणालो, पाणी येतच नाही, तोच तर मुद्दा. तेव्हा बायको कप गोळा करता करता म्हणाली, अहो, हात तिथेच धुता ना रोज. मला वाटलं, ठाऊक आहे तुम्हाला. म्हणून तर म्हटलं, जीव आहे त्या झाडावर.

बरोबरसाहेब प्रथमच बरोबर म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा बरोबर म्हणाले असते तर बरं झालं असतं.

एकतीस वर्षं लोकांच्या काट्याखाली चिकटवलेले चुंबक शोधले. आपल्या काट्यावर रोज तांब्या रिकामा करत होतो.

११ जानेवारी
आज शेतात गेलो नाही. पाय दुखतात. बूट मोठे आहेत, मी आधीच म्हणालो होतो.

१५ जानेवारी
थंड डोक्याने विचार केला. एक चूक झाली, पण पद्धत चुकली असं सिद्ध होत नाही. कणसं अजून पिकायची आहेत. शेवटच्या पंधरा दिवसांत काहीही होऊ शकतं. आजपासून डबा घरी खातो.

१९ जानेवारी
ठिकाण ४ ची पानंही गुंडाळलेली. पाहवेना. अर्धा तांब्या ओतून आलो. नोंद केलेली नाही.

४ फेब्रुवारी
कापणी झाली, मळणी झाली. आज तोलणी. काटा मीच लावला. रात्री तेलपाणी केलं, दोन प्रमाणित वजनांनी तपासला. बिनचूक.

वहिनींचे तीन एकर: सोळा क्विंटल चाळीस किलो.

माझे तीन एकर: एक क्विंटल बारा किलो.

ट्रॅक्टरवाल्याने कानात सांगितलं, साहेब, तुमचाच काटा, तुमचाच हात, जरा बोट टेकवा की. म्हणजे निदान दोन क्विंटल तरी होतील. दादाही तिकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. बोट टेकवलं नाही. एवढं एक आयुष्यात कधी केलं नाही, आज काय करायचं? पोतं दुसऱ्यांदा तोललं, कारण गोणपाटाचं वजन वजा करायचं राहिलं होतं. एक क्विंटल अकरा किलो.

वहिनी हसल्या नाहीत. खरं तर त्यांनी हसायला हवं होतं, इतके महिने त्यांनी सांगितलं आणि मी समास आखत बसलो. त्यांनी आपली सहा पोती बाजूला काढली आणि बायकोला म्हणाल्या, ही तुमच्या घरी जायची, दर वर्षीसारखी. करारात हे कुठे नव्हतं.

ठिकाण ४ चं कणीस स्वतंत्र तोललं. तीनशे दहा ग्रॅम. सहाही एकरांत सगळ्यात मोठं. वैयक्तिक गटात पहिला नंबर आपला, हे नोंदवून ठेवतो. वहिनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, पुढच्या वर्षी रोज वेगळ्या झाडापाशी हात धुवा.

हिशोब केला. तीन एकरांत ताटं दीड लाखाच्या आसपास. रोज एक. चारशे दहा वर्षं.

१२ फेब्रुवारी
कराराप्रमाणे आज पहिलं काम. माझ्या तीन एकरांत उताराला आडवे छोटे बांध घालायचे, म्हणजे पुढचं पाणी माझ्याच शेतात थांबेल. मी म्हणालो, मोजणी आणि देखरेख माझ्याकडे ठेवा. वहिनींनी फावडं दिलं. तोंड उघडायचं नाही असं मीच लिहिलेलं होतं, तेही चांगल्या अक्षरात.

सकाळी सात ते अकरा. दोरी धरून सरळ नाही, उतार सांगेल तसा वाकडा बांध. एकोणीस पावलं झाला. खणताना फुटपट्टी सापडली. वहिनी टाचेने बांध दाबून बघून म्हणाल्या, जमलाय. एकच शब्द. सतरा बरोबरांपेक्षा भारी वाटला. घरी येईपर्यंत मनात म्हणत होतो, जमलाय.

तळहाताला तीन फोड. माती नखांत, फोडांत, मनगटापर्यंत. झटकली तरी निघेना. बाबांचं वाक्य आठवलं. दारातूनच बायकोला दोन्ही हात पुढे करून दाखवले. म्हणालो, बघ, लागली.

ती म्हणाली, आधी धुऊन या. आणि नळावर धुवा, रानात नको.